हिशेबाची वही आणि देवडीवरचा पहारेकरी



आपल्या त्रैमासिकात औषधीकरण, पंचकर्म, दुर्मिळ वनस्पती, रुग्णानुभव अशा विषयांवर जाणकार वैद्यांचे लेख येत असतात. त्या पंक्तीला हिशेबाचा विषय घेऊन बसणे काहीसे विजोड दिसेल, याची आम्हांस जाणीव आहे. परंतु शेवटचा रुग्ण निघून गेल्यावर, दिवसाच्या पावत्या आणि गल्ल्यातील रक्कम यांचा मेळ बसविताना जो अर्धा-पाऊण तास जातो, त्याविषयी आपण एकमेकांशी क्वचितच बोलतो. प्रस्तुत लेख त्या वेळेविषयी आहे. गेल्या काही महिन्यांत आम्ही हिशेबाची वही कागदावरून आणि भाड्याच्या संगणकसेवेवरून उचलून स्वतःच्या यंत्रावर आणली. त्यात काय साधले आणि कोठे चुकलो, ते जसे घडले तसे येथे मांडत आहोत.

आमचे चिकित्सालय छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात आहे. आम्ही तिघे वैद्य मिळून ते चालवितो. पंचकर्माची व्यवस्था येथे, आणि औषधी भांडार खाम नदीपलीकडे जुन्या शहरात. गुरुवारी छावणीचा आठवडी बाजार भरतो. त्या दिवशी गावोगावचे रुग्ण बाजारहाट आणि औषध दोन्ही एका फेरीत उरकतात. कोणी शुल्क येथे देतो व औषध तिकडून घेतो, कोणी औषध येथून नेतो आणि पैसे पुढच्या गुरुवारी. दोन ठिकाणच्या दोन वह्यांचा मेळ शनिवारपर्यंत लागत नसे. तेरीज जुळली नाही की आम्ही एकमेकांच्या अक्षराला दोष देत असू.

हिशेब ठेवणे ही केवळ सोयीची बाब नव्हे. १९६२ च्या प्राप्तिकर नियमावलीतील नियम ६-एफ हा वैद्यकीय व्यावसायिकांनी कोणत्या वह्या ठेवाव्यात ते सांगणारा. त्याखालील नमुना ३-सी च्या शीर्षकातच ‘वैद्य’ आणि ‘हकीम’ असे स्पष्ट शब्द आहेत. रोजकीर्द, खतावणी आणि पावत्यांच्या स्थळप्रती तर हव्यातच, शिवाय वर्षाच्या पहिल्या व अखेरच्या दिवशीच्या औषधसाठ्याची यादी आणि या ३-सी नमुन्यातील दैनंदिन रुग्णनोंदवही. २०२५ च्या नव्या प्राप्तिकर कायद्याने कलमांची मांडणी बदलली आहे. आजचे क्रमांक आपापल्या सनदी लेखापालांकडून समजून घ्यावेत. आमचे लक्ष वेधायचे आहे ते त्या नमुन्यातील रकान्यांकडे: तारीख, अनुक्रमांक, रुग्णाचे नाव, दिलेल्या सेवेचे स्वरूप, मिळालेले शुल्क, शुल्क मिळाल्याची तारीख.

रुग्णाचे नाव आणि सेवेचे स्वरूप एकाच ओळीत! एका बाजूला अमुक बाई, दुसऱ्या बाजूला उत्तरबस्ती. एका बाजूला अमुक गृहस्थ, दुसऱ्या बाजूला क्षारसूत्र किंवा वाजीकरण योग. छावणीसारख्या वस्तीत, जेथे निम्मे रुग्ण एकमेकांचे शेजारी आहेत, तेथे ही वही उघडी पडली तर निदानपत्र वेगळे वाचण्याची गरजच उरत नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात, आठव्या अध्यायात, शिष्याला जो उपदेश आहे त्यात रुग्णाच्या घरातील गोष्टी बाहेर नेऊ नयेत अशी स्पष्ट आज्ञा आहे. रुग्णपत्रिका आपण कुलपात ठेवतो. हिशेबाची वही मात्र टेबलावर, लेखनिकाच्या हाताशी, आणि अलीकडे कोणाच्या तरी परक्या संगणकावर असते. ती वहीदेखील रुग्णपत्रिकाच आहे, ही गोष्ट आम्हांला वीस वर्षे वैद्यकी केल्यावर उमगली, हे प्रांजळपणे सांगावे लागेल.

उमगली तीही एका अडचणीमुळे. मध्यंतरी आम्ही एक भाड्याची सेवा घेतली होती. वर्षाची वर्गणी भरावी आणि इंटरनेटवरून हिशेब लिहावा, अशी. एका वर्षी नूतनीकरणास विलंब झाला, आणि आमचीच वही आम्हांस वाचण्यापुरतीही उघडेना. पैसे भरताच ती उघडली, तक्रारीस जागा उरली नाही. पण त्या चार दिवसांत प्रश्न पडला तो पडलाच: आमच्या रुग्णांची नावे नेमकी कोणत्या गावातील यंत्रावर आहेत आणि ती कोण वाचू शकते?

येथून मुक्त आज्ञावलीचा शोध सुरू झाला. मुक्त म्हणजे फुकट असा अर्थ आपण सर्रास करतो, तो अपुरा आहे. वापरण्याची, आतून तपासण्याची, बदलण्याची आणि दुसऱ्यास देण्याची मोकळीक, असा तो शब्द १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केल्यापासून चालत आला आहे. औषधाच्या भाषेत सांगायचे तर हा पाठ जाहीर असलेला योग आहे. घटक आणि कृती दोन्ही समोर, ज्याला जमेल त्याने घरी करावा. पेटंट औषधाच्या बाटलीशी तुलना वाचकांनी मनात करावी.

या क्षेत्रात महाराष्ट्राचे काम पाहून आम्हांस आनंद झाला. मुंबईचे कृष्णकांत माने हे स्वतः दृष्टिहीन आज्ञावलीकार. त्यांच्या पुढाकाराने ‘जीएनयूखाता’ ही भारतीय हिशेबपद्धतीसाठीची मुक्त आज्ञावली तयार झाली. मुंबईतच रुषभ मेहता यांनी घरच्या फर्निचर व्यवसायाचा कारभार संगणकावर बसविताना आलेल्या अडचणींतून ‘ईआरपीनेक्स्ट’ उभी केली. आज तिचा वापर देशोदेशी होतो. आम्ही दुसरी निवडली. कारण साधे होते: तिच्यात औषधाचा घाण क्रमांक आणि मुदत संपण्याची तारीख साठ्यासोबत ठेवता येते. दुसरे असे की एकदा ‘सादर’ केलेली नोंद खोडता येत नाही. ती रद्द करून नवी लिहावी लागते आणि जुनी दिसत राहते. शाईने लिहिलेल्या रोजकीर्दीचा हा गुण संगणकात आम्हांस प्रथमच भेटला.

यंत्र म्हणाल तर एक जुना संगणक, आठ जीबी स्मृती वाढवून, लिनक्स घालून, यूपीएसच्या आधाराने पंचकर्म कक्षामागील कपाटात ठेवला. हे सारे मांडले ते आमच्या सहकारी वैद्यांच्या अभियांत्रिकी शिकणाऱ्या पुतण्याने. वैद्यगण आज्ञा देत होता, करीत होता तो.

छावणीतल्या संगणकावर वही उघडली, हे पहिल्याच दिवशी साधले. पण भांडार नदीपलीकडे, लेखापालांचे कार्यालय आणखी दूर. वही तेथून उघडायची तर बाहेरून आत येण्याची वाट हवी, आणि वाट म्हटली की दरवाजा आला. आपले शहर बावन्न दरवाजांचे म्हणून ओळखले जाते. मलिक अंबरने १६१२ च्या सुमारास उभारलेला भडकल दरवाजा आजही वाहतुकीच्या गोंगाटात उभा आहे, आणि छावणीहून जुन्या शहरात जाणाऱ्यास खाम नदी ओलांडल्यावर दरवाजांची ओळख करून द्यावी लागत नाही. तटबंदीच्या शहरात रहिवाशाच्या घराला स्वतंत्र वेस नसे. येणारा वेशीवर थांबे, पहारेकरी विचारपूस करी, मग पुढचे.

‘रिव्हर्स प्रॉक्सी’ नामक आज्ञावली हेच काम करते, किंबहुना थोडे अधिक. ती पाहुण्याला आत सोडतच नाही. त्याचा निरोप देवडीवरच घेते, स्वतः आत जाऊन हिशेबाच्या आज्ञावलीस तो सांगते, उत्तर आणते आणि देवडीवरूनच पाहुण्याच्या हाती देते. पाहुणा आणि घरधनी यांची गाठ कधी पडत नाही. साधा प्रॉक्सी घरातल्यांच्या वतीने बाहेर जातो, हा बाहेरच्यांचे घरातल्यांच्या वतीने स्वागत करतो, म्हणून ‘रिव्हर्स’. या कामासाठी जगभर वापरली जाणारी ‘एनजिनएक्स’ ही रशियातील इगोर सिसोएव यांनी २००४ साली प्रसिद्ध केली. तीही मुक्तच. देवडीला दोनच दारे उघडी ठेवायची: ८० आणि ४४३ या क्रमांकांची. पहिल्यावर आलेल्यास दुसऱ्याकडे पाठवायचे आणि दुसऱ्यावर सर्व बोलणे गुप्तलिपीत चालायचे. हिशेबाची आज्ञावली आत ८०८० क्रमांकावर बसते, तिची विदा आणखी आत. त्यांना बाहेरचे वारे लागू द्यायचे नाही.

आरंभीच्या उपद्रवांची लक्षणे येथे नोंदवितो, कारण नवख्यास ती हमखास भेटतात आणि प्रत्येकाचे निदान वेगळे आहे. देवडीपर्यंत पोहोचलो, पण ‘अशी वहीच नाही’ असे उत्तर येते: ईआरपीनेक्स्ट पाहुण्याने कोणते नाव पुकारले यावरून वही ओळखते आणि पहारेकरी ते नाव आत सांगत नाही, असे समजावे. ‘होस्ट’ नावाची ओळ पुढे पाठविण्यास सांगितले की व्याधी शमते. पावतीचे छायाचित्र चढविताना ४१३ हा आकडा दिसतो: एनजिनएक्स न सांगता एक एमबीपेक्षा मोठे ओझे घेत नाही, आणि मोबाइलचे साधे छायाचित्रही त्याहून मोठे असते. वर्षाचा ताळेबंद मागितला की ५०४: आतून साठ सेकंदांत उत्तर न आल्यास पहारेकरी कंटाळतो. दोन्ही मर्यादा वाढविता येतात. आणि खतावणीच्या नोंदीत प्रत्येक येणारा १२७.०.०.१ याच पत्त्यावरून आलेला दिसला, तर तो पाहुण्याचा नव्हे, पहारेकऱ्याचाच पत्ता असतो. मूळ पत्ता पुढे कळविण्याची आज्ञा त्यास द्यावी लागते. शेवटची गोष्ट क्षुल्लक भासते, पण पुढे जे घडले त्यात तीच उपयोगी पडली असती.

आता मुख्य चूक. इंटरनेट सेवेकडून आम्हांस आधी स्थिर पत्ता घ्यावा लागला, कारण अनेक ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्याआड ठेवण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे आणि तशा जोडणीत बाहेरून आत येताच येत नाही. पत्ता मिळाल्यावर पुतण्याने सोय म्हणून राउटरवर येणारे सर्व काही थेट आमच्या यंत्राकडे वळविले. यंत्रावर अग्निभिंत होती आणि तिच्यात ८० व ४४३ सोडून सर्व बंद होते. त्यामुळे निश्चिंत होतो. परंतु हिशेबाची आज्ञावली ‘डॉकर’ या पेटीत बसविलेली होती, आणि डॉकर ज्या क्रमांकाचे दार उघडतो ते त्या अग्निभिंतीला वळसा घालून उघडतो. हे त्याच्या माहितीपत्रकात लिहिलेले आहे. आम्ही वाचले नव्हते.

अकराव्या दिवशी, केवळ कुतूहलापोटी, आम्ही मोबाइलच्या इंटरनेटवरून आपल्या पत्त्यापुढे ८०८० लिहून पाहिले. प्रवेशाचे पान उघडले. देवडीवर पहारेकरी दक्ष उभा, आणि परसदार सताड उघडे! गुप्तलिपी नाही, विचारपूस नाही. आतील नोंदी पाहिल्या तेव्हा परसदाराने बरेच अनोळखी येऊन गेलेले आढळले. बहुतेक यांत्रिक चाचपणी करणारे. काहींनी ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ या नावाने प्रवेशाचा प्रयत्नही केला होता. प्रायोगिक मांडणीत या नावाचा परवलीचा शब्द ‘अ‍ॅडमिन’ असा असतो. तो आम्ही पहिल्याच दिवशी बदलला होता. यशस्वी प्रवेशाची एकही नोंद आढळली नाही. त्या रात्री झोप मात्र लागली नाही. त्या अकरा दिवसांत ज्यांची नावे वहीत चढली, त्यांत आमच्याच गल्लीतील माणसे होती, आणि त्यांपैकी एकालाही आम्ही ‘तुमची ओळ संगणकावर लिहू का’ असे विचारलेले नव्हते. वैयक्तिक विदेच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात आले. आमची चूक त्या नियमांच्याही आधीची आहे, पण तो आधार आम्हांस त्या रात्री पुरला नसता.

दुरुस्ती दोन ओळींची निघाली. डॉकरला ८०८० हे दार फक्त १२७.०.०.१ या घरच्या पत्त्यावर उघडण्यास सांगितले आणि राउटरवर केवळ आवश्यक क्रमांक वळविले. खरी दुरुस्ती वेगळीच होती. तिघे वैद्य बसलो आणि ठरविले की संगणकावरील वहीत रुग्णाचे नाव आणि चिकित्सेचे स्वरूप एकत्र येणार नाही. तेथे रुग्णक्रमांक आणि ‘चिकित्सा शुल्क’ एवढेच. नाव आणि सेवा यांची नोंदवही पूर्ववत कागदाची, शाईची, कपाटात. एवढा खटाटोप करून शेवटी कागदाकडेच आलात, असे कोणी म्हणेल. म्हणावे.

भयापोटी माणूस अतियोग करतो, तसे आमचेही झाले. परसदार लावताना आम्ही ८० क्रमांकाचे दारही लावून टाकले. गुप्तलिपीचे ४४३ पुरे, असे वाटले. गुप्तलिपीसाठी लागणारे प्रमाणपत्र ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही संस्था २०१५ पासून विनामूल्य देते. त्याची मुदत नव्वद दिवस, आणि ती टप्प्याटप्प्याने पंचेचाळीस दिवसांवर आणण्याचे तिने जाहीर केले आहे. नूतनीकरण आपोआप होते, मात्र आमच्या मांडणीत त्यासाठी संस्था ८० क्रमांकावर येऊन खातरजमा करीत असे. दार बंद, खातरजमा नाही, नूतनीकरण नाही. मुदत संपत आल्याचे पत्र पूर्वी संस्था पाठवीत असे, तेही तिने जून २०२५ पासून थांबविले आहे.

योगायोग असा की प्रमाणपत्र संपले ते २२ सप्टेंबर २०२५ रोजी, घटस्थापनेच्या दिवशी. त्याच दिवसापासून बहुतेक आयुर्वेदीय औषधांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. नव्या दराचे तक्ते आम्ही आदल्या रात्री तारीख घालून तयार ठेवले होते, त्याबद्दल मनात थोडा अभिमानही होता. सकाळी भांडारातून दूरध्वनी आला: “डॉक्टरसाहेब, पान उघडत नाही. हे ठिकाण सुरक्षित नाही, असं लाल अक्षरांत येतंय.” भांडारातील मदतनीस ताईंनी त्या दिवशी सर्व पावत्या हाताने लिहिल्या, पाच टक्क्यांनीच, एकही चूक न करता. सायंकाळी दार उघडून प्रमाणपत्र घेतले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “पावतीपुस्तक टाकून देऊ नका बरं.” टाकलेले नाही.

राखीव प्रतीविषयी. रोज रात्री वहीची प्रत निघते, ती दुसऱ्या तबकडीवर जाते, आणि आठवड्यातून एकदा कुलूपबंद करून पेनड्राइव्हवर खाम नदीपलीकडे भांडारात. प्रत निघते म्हणजे ती परत उभी राहते असे नव्हे, हे आम्ही एका रविवारी दुसऱ्या यंत्रावर उभी करून पाहिले तेव्हा कळले. आकडे सर्व आले, पण आत साठविलेले ई-मेलचे परवलीचे शब्द उघडेनात. त्यांची किल्ली वहीत नसते. ‘साइट कॉन्फिग’ नावाच्या वेगळ्या लहानशा फाइलीत असते, आणि ती आम्ही प्रतीत घेतलीच नव्हती. ज्यांनी असा रविवार अजून घालविलेला नाही, त्यांच्याजवळ राखीव प्रत आहे असे आम्ही मानणार नाही.

आता कोणी विचारेल, आम्हीही हे करावे काय? एकट्याने, एकाच जागी व्यवसाय करणाऱ्या वैद्याने करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्याच्यासाठी १९९८ पासून चालत आलेली ‘ग्नूकॅश’ किंवा ईआरपीनेक्स्टच्याच घरातील ‘फ्रॅपे बुक्स’ स्वतःच्या संगणकावर पुरेशी आहे. तेथे दरवाजाच नाही, म्हणून पहारेकरीही नको. दोन-तीन जागा असतील तरीही, सर्व माणसे आपलीच असल्यास ‘वायरगार्ड’सारखा खाजगी बोगदा करून जगाला दार न दाखविणे अधिक चांगले. आम्हांस तसे करता आले नाही, कारण लेखापालांच्या कार्यालयातील यंत्रांवर काही बसविण्याची मुभा नव्हती. त्यांना केवळ वाचण्यापुरता वेगळा प्रवेश दिला आहे. ज्या दिवशी त्यांची अडचण दूर होईल, त्या दिवशी आम्ही देवडीही बंद करू. आणि वर्गणी वाचते म्हणून यात कोणी पडू नये. वर्गणीचे पैसे वाचतात, पण तेवढेच रविवार जातात.

चरकांनी चिकित्सेचे चार पाद सांगताना परिचारकास उपचारज्ञता, दक्षता, अनुराग आणि शुचिता हे गुण सांगितले आहेत. ‘सर्व्हर’ या शब्दाचा अर्थही सेवा करणारा असाच आहे, पण यंत्रात यांपैकी एकही गुण नाही. ते माणसाने पुरवायचे. आमच्याकडे तो माणूस पुतण्या होता. येत्या महिन्यात तो नोकरीनिमित्त पुण्यास जात आहे. जाण्यापूर्वी त्याने शंभर पानी वहीत सर्व आज्ञा, क्रमांक, मुदती आणि ‘असे दिसल्यास असे करावे’ हे मराठीत लिहून दिले. ती वही कपाटात, रुग्णनोंदवहीच्या शेजारी, ठेवली आहे. पहिले पान त्याने कोरे सोडले असून वर फक्त ‘जबाबदार व्यक्ती’ एवढे लिहिले आहे. आम्ही तिघांनी ते पान आळीपाळीने पाहिले. अद्याप कोणाचे नाव पडलेले नाही.